एका टायमाले एकच

आमच्या पवनीत घाटाकडे उतरताना, डाव्या पायात कोरी करकरीत चप्पल आणि उजव्या पायात झिजून पापडासारखी झालेली जुनी चप्पल घातलेला एक उंच, कृश गृहस्थ आपल्यासमोरून गेला, तर कृपया त्याच्याविषयी घाईने मत बनवू नये. ते आमचे दयारामजी आहेत. नवा जोड घेतला की पहिले आठ दिवस ते त्यातली एकच चप्पल वापरतात. आठ दिवस निर्विघ्न गेले, की मग दुसरी.

चप्पल विकणाऱ्याने एकदा त्यांना नम्रपणे समजावून पाहिले. "काकाजी, ज्या पायाले दुखन त्याच पायाची चप्पल खराब. यात परीक्षा कायची?"

दयारामजींनी त्याच्याकडे करुणेने पाहिले. "आन् कंबर दुखली तं?"

दुकानदाराने जोड कागदात गुंडाळून दिला. मी शेजारीच उभा होतो. खरे सांगतो, घरी जाताना मीही माझ्या चपला निरखल्या.

"एका टायमाले एकच" हे दयारामजींचे जीवनसूत्र. जगात काहीही बदलायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचे फळ डोळ्यांनी पाहावे, आणि मगच दुसरीला हात लावावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बरे कशाने झाले आणि वाईट कशाने झाले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असे त्यांचे ठाम मत. मुलाच्या लग्नाच्या वर्षी घरात नवे स्वयंपाकघर बांधायचे ठरले होते. दयारामजींनी ते वर्षभर थांबवले. "सून बी नवी आन् चूल बी नवी. भाजी करपली तं दोष कोनाचा? त्या पोरीले फुकट बोल लागन." सुनेला वर्षभर जुन्या चुलीचा धूर सोसावा लागला, परंतु त्या वर्षात करपलेल्या प्रत्येक भाजीचा दोष दयारामजींनी चुलीच्या माथी मारला, हेही तीच सांगते.

पोट बिघडले तेव्हा डॉक्टरांनी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या. दयारामजींनी चार दिवस त्यांतली एकच घेतली. डॉक्टर संतापले. "अहो, तिन्ही मिळून एक औषध आहे!"

"मंग एकच गोळी काहून नाही बनवली जी?"

गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा गावात पुष्कळ वाद झाले. कोणी हळहळले, कोणी पेढे वाटले. दयारामजींनी एवढेच म्हटले, "एकच तोडला, हे बरं केलं. दोन तोडले असते तं हिशेबच लागला नसता."

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई मोठ्या विनोदी होत्या. घरी पाहुणे आले की म्हणायच्या, "यांच्या ताटात दोन भाज्या नोका वाढू बाप्पा. एक खातील आन् दुसरीवर पहारा देतील." कौसल्याबाई जाऊन आता सहा वर्षे झाली. मुलगा आणि सून नागपूरला असतात. दयारामजी घरी एकच भाजी करतात.

मुळात हे घराणे विणकरांचे. दयारामजींच्या तरुणपणी त्यांच्या घरात तीन हातमाग होते. मागावर धागा कुठे तुटला हे शोधताना एकेक धागा बोटाने उचलून, ताणून, पुन्हा जागी ठेवावा लागतो. घाई करणाऱ्याच्या हाती गुंताच येतो. माग बंद पडले, तेव्हा त्यांनी हीच बोटे पंपाच्या इंजिनांकडे वळवली. आसगावकडच्या धानाच्या बांध्यांवर कुणाचा पंप रुसला की दयारामजींना बोलावणे यायचे. ते जायचे, इंजिनासमोर उकिडवे बसायचे आणि बराच वेळ काहीच करायचे नाहीत. शेतकरी कासावीस व्हायचा. "पाहून काय राहिले जी? खोला ना!"

"गडबड नोका करू. ते सोताच सांगन."

आणि खरोखर, त्या दिवशी नाही तर पुढच्या आठवड्यात, इंजिन सांगायचे.

माझा आणि त्यांचा निकटचा संबंध आला तो पाण्यामुळे. धरणाचे पाणी वैनगंगेतून मागे पसरत गेले, काठची गावे उठून नव्या वसाहतींत गेली, आणि आमच्या महादेवाची टेकडी चहूबाजूंनी पाण्यात राहिली. त्या टेकडीवरची पूजा आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पूर्वी मी पायी जात असे. आता भाविकांनी समिती नेमून एक बोट घेतली, तिच्या मागच्या फळीला एक जुने इंजिन टांगले, आणि ते चालवण्यासाठी दयारामजींना नेमले. दर सोमवारी सकाळी बोट निघे. टेकडी पन्नास मिनिटांवर. माझी पंचाहत्तरी तेव्हाच उलटली होती. पण हात धरून बोटीत बसवणारा माणूस असेल तर पंचाहत्तरीचे काही वाटत नाही.

निघताना आम्हा दोघांचाही आपापला विधी असे. दयारामजी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू दोन फेरे सैल करीत, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा तीनदा दाबीत आणि दोरी ओढून इंजिन सुरू करीत. मग मी माझा विधी करी. ज्याच्या आधाराने पाणी तरायचे त्याला आधी वंदन करावे, अशी माझ्या वडिलांची शिकवण. म्हणून मी त्या टाकीला उगाळलेले गंध लावी, त्यावर चार अक्षता ठेवी आणि हात जोडी. दयारामजी माझे होईपर्यंत थांबत. कधी विनोदाने म्हणत, "आटपलं का जी? आता देव बी बसला, सवारी बी बसली."

मार्गशीर्ष संपता संपता इंजिनाला खोड लागली.

घाटावरून निघाल्यावर ते पंचवीस मिनिटे एका स्वरात, पाठांतर पक्के असलेल्या बटूसारखे चाले. मग एकाएकी अडखळे. एक ठोका गाळी, दोन घेई, पुन्हा गाळी. बोट गचके खात पुढे जाई आणि मध्यावर कुठेतरी इंजिन बंदच पडे. कारागिरांच्या भाषेत याला 'मिसिंग मारणे' म्हणतात. दयारामजी टाकी उघडून आत डोकावत, मग इंजिनाचे काहीतरी खोलत, पुसत, लावत. इंजिन पुन्हा सुरू होई आणि आम्हाला टेकडीला पोहोचवी. परतीच्या वाटेवर मात्र ते कधीच अडखळत नसे.

आमच्याबरोबर दर सोमवारी फुलांची टोपली घेऊन सीताबाई असत. त्यांची जीभ टोपलीतल्या बेलाच्या काट्यासारखी. "काय जी दयारामजी, इंजिनाले उचक्या लागल्या का? कोन आठवण काढून राहिलं त्याची?"

"ज्यानं आपल्याले विकलं तो," दयारामजी मान वर न करता म्हणाले. "आठवण नाही काढत. हासून राहिला असन."

मग दयारामजींची साधना सुरू झाली. इंजिन घरी नेऊन अंगणात पाण्याच्या पिंपात दोन-दोन तास चालवले, तर ते एकदाही चुकले नाही. खोड फक्त लांबच्या वाटेवर, आणि लांबची वाट फक्त सोमवारी. म्हणजे एक बदल, एक सोमवार. पहिल्या सोमवारी प्लग नवा. मिसिंग. दुसऱ्या सोमवारी पेट्रोल तिहेरी कापडातून गाळलेले. मिसिंग. तिसऱ्या सोमवारी कार्बोरेटर धुतला. चौथ्या सोमवारी नागपूरहून कॉइल आणली; दयारामजींनी ती नव्या नवरीसारखी जपून बसवली. सव्विसाव्या मिनिटाला इंजिन पूर्ववत अडखळले.

मी मागे बसून हे सारे पाहत असे आणि मनोमन त्यांना नमस्कार करी. पाठशाळेत आम्ही वर्षभर घोकले होते: एक गोष्ट असताना दुसरी असते, तो अन्वय, ती नसताना दुसरीही नसते, तो व्यतिरेक, दोन्ही जुळले म्हणजे कारण सापडले. आम्ही घोकले आणि विसरलो. हा विणकर ते आचरत होता.

सीताबाईंचे मत वेगळे होते. "सोळा सोमवाराचं व्रत धरलं का जी इंजिनासाठी? उद्यापन कधी हाये ते तरी सांगा. मले जेवाले यायचं हाये."

सहाव्या सोमवारी मात्र हसण्यासारखे काही राहिले नाही. नव्या वसाहतीतले एक कुटुंब बाळाचे जावळ काढण्यासाठी टेकडीवर निघाले होते. बोट मध्यावर असताना इंजिन थांबले आणि त्याच वेळी वारा सुटला. बोट वाहत जाऊन पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांत अडकली. एक फांदी बाळाच्या आईच्या डोक्यावरून गेली. बाळ रडू लागले, आई रडू लागली, दयारामजी एका हाताने फांदी रेटीत दुसऱ्या हाताने दोरी ओढीत राहिले. शेवटी मासेमारांचे दोन डोंगे आले आणि त्यांनी आम्हाला ओढून काढले. कोणाला इजा झाली नाही, ही त्या महादेवाची कृपा.

समितीचे सचिव वामनराव सज्जन, पण हिशेबी गृहस्थ. बाजारात त्यांचे कापडाचे दुकान आहे. त्यांनी दयारामजींना बोलावून स्पष्ट सांगितले, "महाशिवरात्रीला शेकडो माणसं न्यायची आहेत. तोपर्यंत दोष सापडला नाही, तर बोट एका ठेकेदाराला देऊ. मग आम्हाला बोल लावू नका."

"नाही लावत जी," दयारामजी म्हणाले. आणि घरी न जाता सरळ घाटावर येऊन बोटीत एकटेच बसले. बोट गेली असती तर या मनुष्याजवळ उरले काय असते, हे मी जाणून होतो. माग नव्हते. पंप आता विजेचे झाले होते. घरी एक भाजी होती.

इंजिनात बदलण्यासारखे काही शिल्लक नव्हते. म्हणून दयारामजी बोटीतली माणसे बदलू लागले. महाशिवरात्र जवळ आल्यामुळे समितीने चाचणीसाठी रोज पेट्रोल द्यायचे कबूल केले होते. रोज सकाळी मी पूजेला आणि दयारामजी परीक्षेला, असे आम्ही निघत असू. पहिल्या दिवशी त्यांनी नारळाचे पोते काठावर ठेवले. मिसिंग. दुसऱ्या दिवशी सीताबाईंना.

"मी कायले उतरू? माहं वजन काय पोत्याएवढं हाये?"

"वजनाचं नाही बाई. एका टायमाले एकच. काल पोतं होतं, आज तुमी."

सीताबाईंनी त्या दिवशी घाटावर उभे राहून त्यांच्या सात पिढ्यांना बेल वाहिला. पण त्यांच्या अनुपस्थितीतही इंजिन सव्विसाव्या मिनिटाला अडखळले, आणि त्या निर्दोष सुटल्या. हे त्या अजूनही अभिमानाने सांगतात.

तिसऱ्या दिवशी दयारामजी माझ्या दाराशी आले. नजर जमिनीवर. "गुरुजी, आज तुमी राहू द्या जी. वारा लई हाये. तुमचा खोकला..."

अंगणातल्या तुळशीचे पानही हलत नव्हते, आणि खोकला मला नव्हता. मी काय ते समजलो आणि म्हटले, "जा. पूजेचे तबक मात्र घेऊन जा. चार बेलपाने तुमच्या हातून वाहिली तरी चालेल."

दुपारी ते परतले तेव्हा मी विचारले, "कसे चालले?"

"तसंच," ते म्हणाले. "मिसिंग." आणि तबक पायरीवर ठेवून निघून गेले.

परंतु पाण्यावरची गोष्ट काठावर लपत नाही. संध्याकाळी मासेमार घाटावर सांगत होते, "आज तं दयारामजीचं इंजिन सूऽऽ करत गेलं. कुठी थांबलंच नाही." दुसऱ्या दिवशी बाजारात तेच. तिसऱ्या दिवशी त्याला शेपूट फुटले: गुरुजी नसले की चालते, गुरुजी असले की अडते. कोणी हळूच म्हणाले, पायगुण. वामनराव स्वतः घरी आले, पाय धुऊन बसले आणि पुष्कळ आढेवेढे घेत म्हणाले, "गुरुजी, आपलं वय झालं. लोक काहीतरी बोलतात, मी त्यांना मानत नाही. पण टेकडी चढणं-उतरणं आता... एखादा दुसरा पुजारी पाहावा का, असा विचार होता."

मी म्हटले, "महादेवाची इच्छा असेल तसे होईल." ते गेल्यावर मात्र मी बराच वेळ देवघरात बसून राहिलो. देवाच्या वाटेत आपण अडथळा झालो, हा विचार या वयात सोसवत नाही.

पुढच्या सोमवारी दयारामजी नेहमीपेक्षा लवकर आले आणि मला आग्रहाने बोटीत घेऊन गेले. मी गंधाची वाटी काढली, तर म्हणाले, "आना जी इकडं, आज मी लावतो. तुमी बसा, धोतर ओलं होईन." त्यांनी माझ्याकडे पाठ करून गंध-अक्षता वाहिल्या. बोट निघाली. पंचवीस मिनिटे झाली. सव्वीस. तीस. सीताबाईंनी बोलणे थांबवले. पन्नासाव्या मिनिटाला बोट टेकडीला टेकली आणि इंजिन एकदाही चुकले नव्हते. सीताबाईंनी माझ्या पायांवर फूल ठेवले, म्हणाल्या, "मी तं म्हनतच होती, गुरुजीचा पायगुण चांगला हाये." ही बाई दुसरे काहीतरी म्हणत होती असे ऐकिवात होते, पण असो.

त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. मीही होतो. वामनरावांनी विचारले, "दोष सापडला म्हणता. काय होता?"

दयारामजी उभे राहिले. "टाकीच्या झाकनावर एक स्क्रू हाये जी. त्याले बारीक छेद हाये. पेट्रोल खाली जाते तसा वरून वारा आत याले पायजे. तो बंद राहिला तं टाकी घुसमटते. इंजिन पंचवीस मिंटं चालते, मंग पेट्रोल पोचत नाही. तो स्क्रू मीच उघडाले इसरत होतो."

"म्हणजे," वामनराव सावकाश म्हणाले, "इतके सोमवार लोकांचा जीव टांगणीला लागला, ते लेकरू झाडांत अडकलं, आणि तुम्ही एक स्क्रू विसरत होतात?"

"हव जी. वय झालं."

निर्णय व्हायला वेळ लागला नाही. महाशिवरात्र दयारामजींनी करावी. त्यानंतर बोट ठेकेदाराकडे. दयारामजींनी सर्वांना हात जोडले आणि चपला घालून निघून गेले.

मला ते पटेना. मी दर सोमवारी त्यांच्यासमोरच बसत असे. तो स्क्रू दोन फेरे सैल करताना त्यांची बोटे मी दर वेळी पाहिली होती. चपलेची परीक्षा आठ दिवस घेणारा मनुष्य स्क्रू विसरतो, आणि तोही दर वेळी जातानाच?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्या पिंडीवर अभिषेकाला बसलो. पिंडीवर गळती टांगलेली असते. तांब्याचे ते पात्र, तळाला बारीक छिद्र, त्यातून पाण्याची संततधार. मी मंत्र म्हणत होतो आणि धार थांबली. पात्र भरलेले होते. मी दर्भाची काडी घेऊन छिद्र टोकरले, तर त्यातून तांदळाचा एक दाणा निघाला, वाळलेल्या गंधाने माखलेला.

तो दाणा तळहातावर घेऊन मी पाहत राहिलो. माझ्या हातून गंध कुठे लागत होते? टाकीला. आधी बाजूला लावी, पण ते ओघळून जाई, म्हणून मार्गशीर्षापासून टाकीच्या सर्वांत वरच्या भागावर, कपाळी लावावे तसे त्या झाकणाच्या मधोमध. दयारामजी स्क्रू सैल करीत, आणि मागून मी श्रद्धेने ते छिद्र गंधाने लिंपून, वर अक्षता दाबून बसवीत असे. वाटेत इंजिन थांबले की दयारामजी पेट्रोल पाहायला झाकण उघडत. तेवढ्यात टाकीत वारा शिरे, आणि श्रेय प्लगला किंवा कार्बोरेटरला जाई. ज्या माणसाने जन्मभर एका वेळी एकच बदलले, तो नकळत दर वेळी दोन गोष्टी बदलत होता. टेकडीवर पेट्रोल भरताना मळलेले झाकण ते फडक्याने पुसून घेत, म्हणून येताना दोष नाही. पिंपात दोष नाही, कारण अंगणात मी नाही. मी असताना आहे, मी नसताना नाही. आमच्या पाठशाळेतही याहून शुद्ध उदाहरण कोणी दिले नव्हते.

आणि दयारामजींना हे कळले होते. मला घरी ठेवले त्याच दिवशी. म्हणूनच पुढच्या सोमवारी त्यांनी माझ्याकडे पाठ करून गंध दुसरीकडेच लावले होते.

मी पूजा पूर्ण केली आणि तसाच सोवळ्यावर उपरणे टाकून वामनरावांच्या दुकानात गेलो. दोन समिती-सभासद तिथेच होते. मी सगळे सांगितले. तांदळाचा दाणाही गल्ल्यावर ठेवला. वामनरावांनी आधी दाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग त्यांचे पोट हलू लागले. "म्हणजे गुरुजी, महादेवाची वाट आपणच..." पुढचे त्यांना बोलवेना. हातातली लुगड्याची घडी सुटून खाली पडली. हसणे ओसरल्यावर ते उठले, माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "बोट दयारामजींकडेच राहील. आपण फक्त गंध जरा बाजूला लावा."

एवढेच. कोणी मला घरी बसवले नाही, कोणी पायगुण काढला नाही.

मी घाटावर गेलो. दयारामजी बोटीच्या फळ्यांना डांबर लावत होते. मी बातमी सांगितली. मला वाटले, त्यांना आनंद होईल. त्यांनी कुंचला डब्यात आपटला.

"कायले सांगतलं जी तुमी? कोनी विचारलं होतं का?"

"खोटे तुम्ही बोललात, दयारामजी. आणि रागावता माझ्यावर?"

"मंग काय करू? त्यायनं तं अगोदरच तुमच्या जाग्यावर दुसरा पुजारी पाह्यला होता. त्यात मी सांगू, का गुरुजीनं छेद बुजवला? म्हातारा झाला, आता दिसत नाही, असंच म्हनले असते."

"आणि तुम्हाला काढले, ते चालले?"

"मले काढलं असतं तं मी सवारी म्हनून आलो असतो. बाजूले बसून. बोट कोनी बी चालवो." त्यांनी कुंचला पुन्हा उचलला आणि आधीच डांबर लावलेल्या फळीवरून फिरवू लागले. "तुमाले काढलं असतं, तं तुमी आले असते का?"

आलो नसतो, हे त्यांना ठाऊक होते.

"घरी तं एकला बसतोच जी," ते फळीकडे पाहत म्हणाले. "पान्यावर बी एकलाच कायले बसू?"

महाशिवरात्र निर्विघ्न पार पडली. गंध आता टाकीऐवजी इंजिनाच्या टोपणावर लागते, आणि मी ते लावत असताना दयारामजी टाकीच्या छिद्रावर अंगठा धरून उभे राहतात. माझ्यावर विश्वास आहे, पण परीक्षा अजून संपलेली नाही, असे ते म्हणतात.

त्यानंतरच्या एका सोमवारी परतताना बोटीत आम्ही दोघेच होतो. ऊन उतरले होते, पाणी स्वस्थ होते. इंजिन अगदी स्वच्छ स्वरात चालले होते. अर्ध्या वाटेवर दयारामजींनी ते बंद केले.

"काय झाले?" मी दचकून विचारले.

"काही नाही जी. थंड होऊ द्या थोडंसं."

मी इंजिनाच्या टोपणावर हात ठेवून पाहिला. ते चांगलेसे तापलेलेही नव्हते. मी हात काढून घेतला. त्यांनी पिशवीतून ओंजळभर बोरे काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि निम्मी माझ्या पुढ्यात ठेवली.

"बोला ना जी काही," ते म्हणाले.

मी एक बोर तोंडात टाकले. थोड्या वेळाने तेच बोलू लागले. काल कोणती भाजी केली, नागपूरला नातू किती उंच झाला, आणि कौसल्याबाई बोरे खाताना बिया कशा मोजून ठेवायच्या, ते. बोट जागच्या जागी हळूहळू वळत होती. काठ कधी समोर येई, कधी पाठीमागे जाई. मी ऐकत राहिलो.